निसळबाईंचं नाक

ये गं सानिका, अशी जवळ बस. आता तू बंगळुरात आणि मी हडपसरात, तेव्हा जवळ बस म्हणजे कानातल्या त्या वायरी काढ, लॅपटॉप मिट आणि हे वाचताना मध्येच उठू नकोस, एवढंच. मला तुला जरा रागवायचंय. परवा फोनवर तू हसत हसत म्हणालीस, आमच्या आजीला सायन्स यायचं पण स्वयंपाक काही यायचा नाही ना, बाबा सांगतात तिच्या करंज्या खवट असायच्या. मी तेव्हा काही बोलले नाही, कुकर शिट्टीवर आला होता. पण फोन ठेवल्यावर दुपारभर ते मला टोचत राहिलं. असं बोलू नये बाळा. असायच्या नाही, एका दिवाळीला होत्या. त्या दिवाळीमागे काय होतं ते तुझ्या बाबाला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे. तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. तूही होतीस त्या वेळी, पण बाबाच्या मांडीवर बसण्याएवढी. तेव्हा तुझ्याकडून आठवणीची अपेक्षा नाही, फक्त ऐकून घेण्याची आहे.

तुझी आजी म्हणजे आमच्या सोसायटीच्या निसळबाई. नाव इंदुमती, पण त्या नावाने त्यांना हाक मारणारं माणूस मी पाहिलं नाही. तुझा बाबा, म्हणजे आमचा अभी, कॉलेजात असतानाच तुझे आजोबा गेले होते. बाईंनी विश्रांतवाडीच्या एका शाळेत उभी हयात विज्ञान शिकवलं. रोज बस बदलून जायच्या नि यायच्या, आणि घरी आल्यावरही त्यांची शाळा सुटायची नाही. बारीक चण, पांढरी कॉटनची साडी, चष्मा दोरीला बांधून गळ्यात. बोलणं असं की चार शब्दांत भागत असेल तर पाचवा खर्चायच्या नाहीत.

आम्ही इथे राहायला आलो तेव्हा गच्चीवरून उसाची शेतं दिसायची. पुढे बघता बघता तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि सकाळी कोपऱ्यावर गळ्यात पट्टे अडकवलेली पोरंपोरी कंपनीच्या बसची वाट बघायला लागली. तर आम्ही आलो त्याच आठवड्यात ओळख व्हावी म्हणून मी ढोकळा केला आणि समोरच्या दारात घेऊन गेले. मी वऱ्हाडातली. आमच्याकडे शेजारीण काही घेऊन आली तर आधी तिला बसवतात, पाणी देतात. बाईंनी ताटलीवरचं झाकण उचललं, चष्मा लावला आणि म्हणाल्या, "सोडा चाळून नाही घेतलात. ही हळद तुमची चुगली करतेय."

पिवळ्या ढोकळ्यावर लाल ठिपके होते खरे. मला इतका राग आला की सांगायची सोय नाही. घरी येऊन आमच्या ह्यांना म्हटलं, पुण्याच्या लोकांबद्दल ऐकलं होतं ते कमीच होतं. पण संध्याकाळी बाई ताटली परत द्यायला आल्या, त्यात लिंबाची फोड ठेवलेली. माझ्याच ढोकळ्याचा लाल ठिपका असलेला तुकडा त्यांनी राखून ठेवला होता. म्हणाल्या, यावर लिंबू पिळा. पिळलं. लाल ठिपका माझ्या डोळ्यांदेखत पिवळा झाला. त्या निघता निघता म्हणाल्या, ढोकळा चवीला उत्तम होता, तेवढं सांगायचं राहिलं.

माझं शिक्षण आठवीपर्यंत. पुढे जे काही आलं ते मुलांच्या पुस्तकांतून, वर्तमानपत्रांतून आणि निसळबाईंच्या ओट्यापाशी. निवृत्त झाल्यावर त्या दर शनिवारी सोसायटीतल्या मुलांचा वर्ग घ्यायच्या, स्वयंपाकघरातच. फी नाही, पण चप्पल बाहेर ओळीत लावायची. मी पहिल्यांदा सहज डोकवायला गेले तर म्हणाल्या, मंदाताई, बसायचं असेल तर बसा, पण बोलायचं तर हात वर करून. मी बसले आणि मग बसतच राहिले. मुलं आधी हसली. नंतर त्यांना माझ्या चुकीच्या उत्तरांची सवय झाली.

बाईंचा एकच प्रश्न असायचा, नवं काही झालं का? बर्फ वितळला, नवं काही झालं का? नाही, पाण्याचंच पाणी. मीठ विरघळलं? मीठच आहे, चाखून बघा. साखरेचा पाक केला? पाणी उडालं, साखर जागेवर आहे. मग त्या मुद्दाम पाक गॅसवर तसाच ठेवायच्या. तो लालसर व्हायचा, कडवट घमघमाट सुटायचा, आणि मुलं ओरडायची, झालं, आता झालं. हा रासायनिक बदल. आधीचा भौतिक. कांदा चिरणं भौतिक, रडणं रासायनिक, हे त्यांचं वाक्य तर आमच्या जिन्यात म्हण होऊन बसलं होतं. कुणाच्या घरातून भांडण ऐकू आलं की पोरं म्हणायची, अजून भौतिकच चाललंय.

एकदा खालच्या मजल्यावरच्या शेखांची रुबीना अडून बसली. मोठी चुणचुणीत पोर. म्हणे, बाई, पुस्तकात आहे की भौतिक बदल परत उलटवता येतो. मग दाण्याचं कूट केलं तर त्याचा परत दाणा होत नाही, म्हणजे कूट रासायनिक. सगळ्या मुलांनी तिची बाजू घेतली. मीही हात वर केला. बाईंना राग येईल असं वाटलं, तर त्या खूश. त्यांनी कच्चे दाणे काढले. काही तसेच ठेवले, काही कुटले, काही भाजले, आणि आम्हाला डोळे मिटायला लावून एकेक तोंडात घातलं. कच्चा दाणा आणि कच्चं कूट, चव एकच. भाजलेला दाणा जिभेवर यायच्या आधीच त्याचा वास आला. बाई म्हणाल्या, कूट पुन्हा दाणा होत नाही, कारण आपल्याला जोडता येत नाही. तो आपला दुबळेपणा, दाण्याचा नव्हे. दाणा अजून दाणाच आहे. भाजल्यावर मात्र त्याच्यात असं काही आलंय जे आधी नव्हतंच. "परत येतं का हे विचारू नका. नवं काय झालं ते विचारा. आणि डोळ्यांवर फार विसंबू नका, नाक जास्त प्रामाणिक असतं."

त्या बोलल्या तेव्हा ते खरंच होतं. जिन्यातून वर येता येता त्या सांगायच्या, शेखांकडे आज जिरं करपलं. देशमुखांच्या फ्रिजमध्ये काहीतरी आंबलंय, त्यांना सांगा. देशमुख म्हणजे नागपूरहून आलेलं तरुण जोडपं, दोघंही कॉम्प्युटरमध्ये. त्यांनी फ्रिज उघडून पाहिला तर खरोखरच इडलीचं पीठ भांडं सोडून निघालेलं.

आता त्या पावसाळ्याची गोष्ट. बाईंना ताप आला. साधाच, पण रेंगाळला. मी पेज नेऊन देत होते, शेखभाभी सूप पाठवत होत्या. उठल्यावर बाई म्हणाल्या, तोंडाला चव नाही. आम्ही म्हटलं, येईल हळूहळू. मग दिवाळी आली. अभी तेव्हा नुकताच बंगळुरात मोठ्या पदावर गेला होता, त्याला सुट्टी मिळेना. म्हणून बाईंनी फराळ कुरियरने पाठवला, आणि नेहमीप्रमाणे सोसायटीतही ताटं गेली.

करंजी तोंडात घातली आणि मी थांबले. सारणातलं खोबरं खवट. साधं नाही, चांगलंच खवट. चिवड्यातले काप तसेच. आमच्या ह्यांनी अर्धी करंजी गपचूप कागदात गुंडाळली. जिन्यात शेखभाभी भेटल्या, इकडचं तिकडचं बोलल्या आणि हळूच विचारलं, बाईंची तब्येत ठीक आहे ना? देशमुखांची बायको तर म्हणाली, काकू, टेस्ट थोडी ऑफ होती, पण बाईंना कोण सांगणार? सगळ्यांनी ताटं परत करताना छान झालं होतं म्हणून सांगितलं होतं. ज्या बाईंनी आम्हाला हळदीच्या ठिपक्यावरून सोडा ओळखायला शिकवलं, त्यांच्याशी अख्खी सोसायटी खोटं बोलून मोकळी झाली होती, आणि तेही प्रेमाने.

मला ते जमेना. मी ताटली घेऊन गेले. बाई दारातच म्हणाल्या, रिकामं ताट परत देतात का तुमच्याकडे? मी म्हटलं, आधी आत येऊ द्या. आत जाऊन सांगून टाकलं की करंज्यांचं खोबरं खवट आहे.

त्यांना राग आला नाही. त्यांनी डबा काढला, करंजी मोडली आणि नाकाशी धरली. मग दुसरी मोडली. मग खोबऱ्याची वाटी फडताळातून काढून तिच्यात जवळजवळ नाकच खुपसलं. शेवटी त्या खुर्चीवर बसल्या, डोळे मिटले आणि म्हणाल्या, मसाल्याच्या डब्या घ्या, तुम्हाला हवी ती उघडा आणि माझ्या नाकाशी धरा. मी वेलची धरली. त्या म्हणाल्या, पुढचं. कॉफी धरली. पुढचं. लसूण सोलून धरला. पुढचं. मी हिंगाची डबी उघडून धरली. माझ्या डोळ्यांत पाणी यावं असा तो हिंग.

"पुढचं," बाई म्हणाल्या.

मी म्हटलं, बाई, पुढचं काही नाही, हा हिंग आहे. त्यांनी डोळे उघडले आणि डबीकडे नुसत्या बघत राहिल्या. आणि बघ हं, अशा वेळीही त्यांच्यातली शिक्षिका गप्प बसेना. म्हणाल्या, हा खवटपणा असा एकच बदल आहे मंदाताई, की ज्यात रंग बदलत नाही, फेस येत नाही, ऊब लागत नाही. सगळी खूण नाकाला. बरोबर तिथेच पकडलं मला.

मग त्यांनी माझा हात धरला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. "अभीला कळता कामा नये. त्याला कळलं तर तो मला इथे एकटी राहू देणार नाही. हे घर गेलं, हा ओटा गेला, शनिवार गेला, तर मी तिकडे नवव्या मजल्यावर बसून काय करू?"

अभी त्यांना बरेच दिवस बोलवत होता, चांगल्या मनानेच. त्याच्या जिवाला घोर लागायचा. पण बाईंचा जीव या ओट्यात होता. डॉक्टरांनी सांगितलं, तापाने कधीकधी असं होतं. वास परत येईल, न येईल, सांगता येत नाही.

तेव्हापासून मी त्यांचं नाक झाले. रोज सकाळी चहाआधी त्या माझ्या दारात. वाटीत दूध, चमच्यात तेल, कालची आमटी. हुंगा आणि सांगा. मी पहिल्या दिवशी म्हटलं, वाईट वास येतोय. त्या म्हणाल्या, वाईट हे मत झालं, मला निरीक्षण द्या. आंबूस? कुबट? कुजका? करपट? उग्र? मी म्हटलं, थांबा, परत हुंगते. माझ्या नाकाला शब्द नव्हते गं, त्यांनी दिले. आणि त्याच वेळी त्या स्वतः बाकीच्या खुणा नव्याने शिकत होत्या. कांदा किती भाजला ते रंगावरून, मोहरी आवाजावरून, दही बोटाच्या टोकाने. मुलांना काही पत्ता नव्हता. वर्ग चालू होता.

थंडी सरता सरता एका दुपारी मी भाजी घेऊन जिना चढत होते. बाईंच्या दाराशी आले आणि पिशवी हातातून सुटली. गॅस. दार ढकललं तर बाई आत पेपर वाचत बसलेल्या, शांत. मी दिव्याचं बटण न लावता आत धावले. दूध उतू जाऊन ज्योत विझली होती आणि कॉक उघडाच. तो बंद केला, सिलेंडर बंद केला, खिडक्या सताड उघडल्या, त्यांना दंडाला धरून गॅलरीत आणलं. त्यांना काय झालं ते कळायलाच वेळ लागला. मी काहीतरी तोंडाला येईल ते बोलत होते, बहुतेक रागावतच होते.

मग त्या म्हणाल्या, "त्या गॅसला स्वतःचा वास नसतो. माणसाला कळावं म्हणून मुद्दाम घालतात. हे मी दर वर्षी वर्गात सांगते." आणि मग, खाली खेळणाऱ्या पोरांकडे बघत, "उद्या शनिवार आहे."

एवढंच. पण त्यांचा चेहरा उतरला तो त्या वाक्यावर. स्वतः एकटीने जोखीम घेणं त्यांना चाललं असतं. त्या स्वयंपाकघरात रुबीना आणि बाकीची पोरं बसणार, हे त्यांना चाललं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी दारावर चिठ्ठी लावली, वर्ग बंद. मुलं विचारायला आली तर म्हणाल्या, बाईंना सुट्टी हवी आहे. मी त्यांना सांगितलं, बाई, मी अभीला फोन करणार नाही, पण तुम्ही सांगा. त्यांनी पेपर पुढे ओढला. मात्र त्यानंतर चहासुद्धा माझ्याकडेच घ्यायला लागल्या. गॅस पेटवायची त्यांची हिंमतच गेली होती.

मे महिन्यात अभी तुला घेऊन आला. तुझी आई कामामुळे मागे राहिली होती. आल्या आल्या त्याने पुन्हा तेच काढलं, आई, आता चल. बाई म्हणाल्या, शनिवारी बोलू. आणि मुलांना निरोप धाडले की वर्ग आहे.

त्या दिवशी ओट्यावर गॅस पेटवलेला नव्हता. दोन वाट्या फक्त, दोन्हीत शेंगदाण्याचं तेल. एकीतलं त्यांनी कधीचं खिडकीत उन्हाला ठेवलं होतं, दुसरीतलं ताजं. रंग अगदी सारखा. बाईंनी विचारलं, नवं काही झालंय का? मुलं एकेक करून हुंगायला लागली. रुबीनाने लगेच तोंड वाकडं केलं. अभी तुला मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसला होता. बाई म्हणाल्या, तूही ये. त्याने हुंगलं, हसला, म्हणाला, आई, ही खवट. आणि सानिका, तू तर चक्क नाक धरून बसलीस.

"बरोबर," बाई म्हणाल्या. "आता माझी पाळी." त्यांनी एक वाटी हुंगली, मग दुसरी. मुलांकडे बघून, नेहमीच्या शिकवायच्या आवाजात म्हणाल्या, "मला दोन्ही सारख्याच. बाईंना वास येत नाही. गेल्या पावसाळ्यापासून. हे निरीक्षण आहे, यात घाबरण्यासारखं काही नाही."

अभीचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं होतं, विझायचं विसरल्यासारखं. बाई त्याच्याकडे वळल्या.

"अभी, दिवाळीच्या करंज्या कशा होत्या?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी कशाला काय बोलू? शेवटी तो म्हणाला, "खवट होत्या, आई."

"मग फोनवर छान का म्हणालास?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"आणि मी तुला नाकाचं सांगितलं नाही, कारण तुला काळजी वाटली असती. म्हणजे दोघांनीही निरीक्षण दडवलं. इतकी वर्षं मी मुलांना हेच करू नका म्हणून सांगत आले."

मुलांच्या हातावर चिक्की ठेवून त्यांनी वर्ग सोडला. मी उठायला लागले तर बाईंनी डोळ्यांनीच बसवलं. अभीला मग त्या दुपारचं, गॅसचं, सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. तो ओट्याला टेकून उभा होता, पांढराफटक पडलेला. म्हणाला, आता विषयच संपला, आई, मी तुला इथे ठेवून जाऊच शकत नाही.

"वास मला बंगळुरात येणार आहे का?"

"तिथे आम्ही आहोत."

"तुम्ही सकाळी जाता ते रात्री येता. ही पाळणाघरात. मग माझं नाक कोण? लिफ्टवाला?" अभीला रडता रडता हसू आलं. बाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, इथे समोरच्या दारात नाक आहे, खाली शेखांकडे दोन आहेत, शनिवारी तर आठ-दहा असतात. वास गेलाय अभी, मी नाही गेले. मी आधी होते तीच आहे.

अभीने त्या विझलेल्या शेगडीकडे पाहिलं. मग म्हणाला, राहा, पण हा गॅस घरात राहणार नाही. मला वाटलं, आता बाई अडणार. मुलांना त्या निळी ज्योत दाखवायच्या, भाकरी ज्योतीवर फुगवायच्या, वांगं भाजायच्या, तोच तर त्यांचा थाट. त्यांनी शेगडीवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाल्या, ने. त्याच संध्याकाळी अभी विजेची शेगडी घेऊन आला. रेग्युलेटर त्याने स्वतः काढला. तू त्याच्या पाठीवर बसून घोडा घोडा करत होतीस.

सुरुवातीचे दिवस फजितीचे गेले. शेगडीवर वांगं भाजायला ठेवलं तर ते नुसतं घामेजून बसलं. भाकरी फुगेना. बंद केलेली शेगडी गरमच राहते हे त्या विसरायच्या आणि दूध खाली लागायचं. पण शनिवार परत सुरू झाला. आता मुलांना ठाऊक होतं, त्यामुळे तीच बाईंना सांगायला धडपडायची, बाई, आता वास सुटला, बाई, आता खमंग, आता करपायला आलं. बाई म्हणायच्या, खमंग हे मत आहे. पोरं म्हणायची, नाही बाई, हे निरीक्षणच. त्यावरून वाद. अशी बरीच वर्षं गेली. रुबीना पुढे औषधांच्या कंपनीत लागली, पहिल्या पगाराचे पेढे आधी बाईंकडे घेऊन आली. अभीचे फोन रोज. करंज्या पुन्हा बंगळुराला जायला लागल्या, खोबरं मी हुंगून दिलेलं, आणि तो आता खरं सांगायचा. एकदा म्हणाला, यंदा साखर जास्त आहे. बाई दिवसभर खुशीत होत्या.

वास काही परत आला नाही. शेवटपर्यंत.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ती सकाळ अशी. नेहमीच्या वेळी त्या दारात आल्या नाहीत म्हणून मीच गेले. दार उघडंच होतं. बाई शेगडीसमोर उभ्या, कढईत लोणी कढत होतं. लोणी कढवणं ही एकच गोष्ट अशी होती की ती त्या माझ्यावाचून करायच्या नाहीत. तूप झालं हे बायकांना वासानेच कळतं, आणि एक क्षण चुकला की बेरी जळते. मी म्हटलं, बाई, हाक का नाही मारलीत? तर त्यांनी माझ्याकडे न बघता तळहात वर केला, वर्गात गडबड झाली की करायच्या तसा. मान एका बाजूला कलती, कान कढईकडे. मीही ऐकायला लागले. लोण्यातलं पाणी तडतडत होतं. ती तडतड आधी दाट होती, मग विरळ झाली, मग एखादाच थेंब, मग तोही नाही. त्या शांततेत त्यांनी सांडशीने कढई उचलून खाली ठेवली.

त्याच क्षणी मला वास आला. इतकं बिनचूक तूप मी आजवर कढवलेलं नाही, कुणाचं पाहिलेलं नाही. मी तोंड उघडणार तोच त्या म्हणाल्या, "सांगू नका. झालंय, मला माहीत आहे."

आणि हसल्या. धावण्याच्या शर्यतीत पहिलं आलेलं पोर हसतं ना, तशा. मी जिना उतरून भाजीला गेले. मागे वळून पाहिलं तर स्वयंपाकघराच्या खिडकीत त्या दिसल्या, बरणीच्या तोंडावर गाळणं धरून तूप ओतत होत्या, वरून उन्हाची तिरीप त्या धारेवर. त्याच रात्री त्या झोपेत गेल्या. त्यांच्याच घरात, त्यांच्याच खाटेवर.

तर सानिका, अशी होती तुझी आजी. अभी दर वेळी येतो तो धावतपळत, बंद घर झाडून, वीजबिल बघून निघतो. तू ये. एकटी ये, चार दिवस राहा. माझे गुडघे आता जिना नको म्हणतात, पण नाक अजून शाबूत आहे, आणि शेखभाभीही तुझी वाट बघतायत. पुढच्या सुट्टीचं वगैरे काढू नकोस. आंबे संपायच्या आत ये.